बदललेल्या ओळीतील जुना दर कसा वाचावा?

प्रश्न : आमच्या आंबा बागायतदारांच्या संस्थेत हापूसच्या पेट्यांची आवक, प्रतवारी आणि दर यांची नोंद एसक्यूलाइट या एका फाइलमध्ये राहणाऱ्या डेटाबेसमध्ये होते. प्रोग्राम सी भाषेत आहे. पेटीचा दर बदलला गेल्यास जुना आणि नवा असे दोन्ही आकडे बागायतदाराला कळवायचे आहेत. त्यासाठी ‘अपडेट हुक’ (बदल होताना एसक्यूलाइट आपोआप बोलावते ते आपले फंक्शन) लावला. परंतु त्यातून कोणती क्रिया झाली, तक्ता कोणता आणि रोआयडी (ओळीचा अंतर्गत क्रमांक) काय, एवढेच कळते. हुकमध्येच सिलेक्ट (ओळी वाचण्याची आज्ञा) चालवून ओळ वाचावी काय?
– एक वाचक, देवगड

उत्तर : तसे करू नये. डेटाबेसशी जोडलेल्या ज्या कनेक्शनवर बदल चालू आहे, त्याच कनेक्शनवर हुकच्या आतून प्रिपेअर किंवा स्टेप (आज्ञा तयार करणे किंवा चालवणे) करण्यास एसक्यूलाइटने स्पष्ट मनाई केलेली आहे. शिवाय हा हुक बदलापूर्वी बोलावला जाईल की नंतर, याची हमी नसते, त्यामुळे जुना दर मिळेलच असे नाही.

आपल्याला हवा आहे तो ‘प्रीअपडेट हुक’. ओळ बदलण्यापूर्वी तो बोलावला जातो आणि त्याच्या आत ‘प्रीअपडेट_ओल्ड’ व ‘प्रीअपडेट_न्यू’ ही फंक्शने रकान्याचा क्रमांक घेऊन मूल्य देतात. क्रमांक ० पासून सुरू होतात, म्हणजे दर हा तक्त्यातील चौथा रकाना असेल तर ३ द्यावा. जुने मूल्य फक्त अपडेट आणि डिलीट यांच्या वेळी मागता येते, नवे फक्त इन्सर्ट आणि अपडेट यांच्या वेळी. मात्र लायब्ररी ‘एसक्यूलाइट_इनेबल_प्रीअपडेट_हुक’ हा पर्याय देऊन कंपाइल केलेली असावी लागते. आयती लायब्ररी वापरत असाल तर हे आधी तपासावे.

येथे एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी. मिळालेले मूल्य हुकचे फंक्शन संपताच नष्ट होते, त्यामुळे त्याचा पॉइंटर (स्मृतीतील पत्ता) जपून ठेवून नंतर वाचणे धोक्याचे आहे. आकडा तेथल्या तेथे काढून घ्यावा किंवा ‘व्हॅल्यू_डप’ने प्रत करून ठेवावी व काम झाल्यावर ती ‘व्हॅल्यू_फ्री’ने सोडावी. तसेच २५०० च्या जागी पुन्हा २५०० लिहिले तरी हुक बोलावला जातो, म्हणून दोन्ही मूल्यांची तुलना आपणच करावी. आणि ट्रान्झॅक्शन (एकत्र केलेल्या बदलांचा गट) रोलबॅक होऊ शकते, म्हणजे मागे घेतले जाऊ शकते, तेव्हा कमिट (बदल पक्के करणे) यशस्वी होईपर्यंत बागायतदाराला निरोप पाठवू नये.

तरीही आपल्या कामासाठी मी ट्रिगरच (बदल होताच डेटाबेस स्वतः चालवतो ती आज्ञा) सुचवेन. हुकला फक्त आपल्या कनेक्शनवरील बदल दिसतात. संस्थेतील दुसऱ्या संगणकावरच्या प्रोग्रामने दर बदलला तर त्याला पत्ताही लागत नाही. ट्रिगर मात्र डेटाबेसच्या फाइलमध्येच राहतो. दराच्या रकान्यावर ‘आफ्टर अपडेट’ ट्रिगर लावून ‘ओल्ड’ आणि ‘न्यू’ दर वेगळ्या तक्त्यात उतरवावेत व निरोप त्या तक्त्यावरून पाठवावेत. ट्रिगरच्या अटीत तुलना ‘इज नॉट’ने करावी, कारण एखाद्या पेटीचा दर आधी भरलाच नसेल तर साध्या असमान चिन्हाने तो बदल निसटतो. ट्रान्झॅक्शन मागे घेतले गेले, तर या नोंदीही त्याबरोबरच मागे जातात.