ह्युमिडिफायर वाढवूनही सीपॅपने घसा कोरडा पडतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय, रत्नागिरीत राहता, सीपॅपचा (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनचा) ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी, शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवलाय, तरी पहाटे तोंड कोरडं ठणठणीत. आणि घरचे म्हणतात, समुद्राकाठच्या माणसाला कसली आलीय कोरड! हे वाक्य मी दीड वर्ष ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव दापोली तालुक्यात, हर्णैच्या अलीकडे. मला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार, निघाला तेव्हा पहिली अडचण ही की बाईमाणूस घोरते हेच कुणी मनावर घेत नव्हतं. मशीन आणली तर विकणाऱ्याने सांगितलं, "कोकणात हवा दमट, ह्युमिडिफायरचे पैसे कशाला घालवताय?" आम्ही बिनपाण्याची मशीन घेऊन आलो. पंधरा दिवसांत माझी जीभ टाळूला चिकटायला लागली. ओठांची सालं निघायची, नाक शिंकरलं की रक्ताची खपली यायची. मोठ्या दिरांना आम्ही भाऊ म्हणतो. ते म्हणाले, "इथे मीठ उघडं राहिलं तर त्याला पाणी सुटतं, पापड रात्रीत मऊ पडतात, आणि तुझं नाक कोरडं पडतं? मशीन नको असेल तर सरळ सांग." मी काही बोलले नाही. तिसऱ्या महिन्यात मशीन कपाटात गेली.

चैत्रात सकाळी अकराच्या सुमारास कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी करायची म्हणून विळी घेऊन बसले होते. हाताला आणि पात्याला खोबरेल लावलेलं, खाली चिकासाठी जुना पेपर. पहिली फोड निघाली, दुसरी धरली आणि डोळा लागला. जाग आली ती जाऊबाईंच्या ओरडण्याने. पेपरवर पांढऱ्या चिकात रक्त मिसळत होतं. डाव्या अंगठ्याला तीन टाके पडले. अंगठा अजून नीट वाकत नाही. रात्रीची झोप दिवसा अशी वसूल होते.

त्यानंतर ह्युमिडिफायर घेतला आणि आकडा वाढवत नेला. थोडा फरक पडला, कोरड काही गेली नाही. तुम्ही आज नेमके इथेच अडकलाय. मग रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मशीनमधलं कार्ड काढून नोंदी बघितल्या. हवेची गळती मिनिटाला 38 लिटर. माझ्या मशीनवर 24 च्या वर गेली की जास्त धरतात. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही तोंड उघडं टाकून झोपताय. टाकीत विहीर ओतलीत तरी पुरणार नाही."

त्यांनी समजावलेलं सांगते. फुप्फुसात पोचेपर्यंत हवा 37 अंशांवर आणि पूर्ण ओली व्हावी लागते, म्हणजे घनमीटरला साधारण 44 ग्रॅम पाणी. आपल्याकडची पावसाळी रात्र, 28 अंश आणि 85 टक्के दमटपणा धरला, तरी हवेत 23 ग्रॅमच्या आसपासच भरतं. उरलेलं नाक घालतं, आणि श्वास सोडताना त्यातलं बरंचसं परत घेतं. तोंड उघडं असेल तर मशीनची हवा नाकातून आत जाऊन तोंडातून बाहेर पडते, नाकाला परत काहीच मिळत नाही. ते सुकतं, सुजतं, चोंदतं, मग तोंड आणखी उघडतं. एसीच्या खोलीत, 24 अंश आणि 50 टक्क्यांना, हवेत जेमतेम 11 ग्रॅम उरतं. भाऊंच्या मिठाचं उत्तर हे आहे.

म्हणून आधी गळतीचा आकडा बघा, ह्युमिडिफायरला नंतर हात लावा. मला नाकाचा मास्क सोडून नाक-तोंड दोन्ही झाकणारा घ्यावा लागला. बुरशीच्या ॲलर्जीने नाक चोंदायचं, त्याला स्प्रे दिला. कुणाला हनुवटीचा पट्टा पुरतो, कुणाचं प्रेशर डॉक्टरांना कमी करावं लागतं. तोंडाला चिकटपट्टी मात्र लावू नका, कुणी कितीही सांगो.

ओलावा वाढवला की नळीत पाणी साचतं आणि मध्यरात्री गुळगुळ सुरू होते. मशीन उशीपेक्षा खाली ठेवा. माझी चौरंगावर असते, त्यामुळे पाणी टाकीकडे उतरतं. नळीला मी जुन्या सुती लुगड्याची पिशवी शिवून घातली, तेवढ्याने गुळगुळ थांबली. गरम होणारी नळी परवडली तर ती घ्याच. आणि पंख्याचा झोत नळीवर नको.

पाणी मेडिकलमधलं डिस्टिल्ड. आमच्या विहिरीच्या पाण्याने आठवड्यात टाकीला पांढरा थर बसला होता. उकळून क्षार जात नाहीत. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून टाकायचं, टाकी धुऊन वाळवायची. निलगिरीचे थेंब टाकीत घालायचे नाहीत. आमच्या ह्यांनी प्रेमाने घातले होते, रात्रभर खोकले मी.

लाईट जाते तेव्हाचं वेगळं. इन्व्हर्टरवर पाणी तापवणंच सगळ्यात जास्त खातं. त्या रात्री ह्युमिडिफायर बंद करून नुसती मशीन चालवा, झोपताना नाकात सलाईनचे थेंब घाला. एका रात्रीच्या कोरडीपायी मशीन काढून ठेवू नका.

एक राहिलं. ॲलर्जीच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या, काही मानसिक आजारांची औषधं यांनीही तोंड सुकतं. साखर वाढली तरी सुकतं. गळती कमी असूनही कोरड जात नसेल तर हे डॉक्टरांना विचारा. मी डॉक्टर नाही, मला जे झालं ते सांगतेय.

परवा भाऊ जेवायला आले होते. दुपारी ओटीवर आडवे झाले, घोरता घोरता एकदम गप्प. मी शेजारी उभी राहून मोजत होते. वीसला श्वास परत आला. सहा वेळा झालं तसं. उठल्यावर मी त्यांना आकडे सांगितले, अंगठा दाखवला. पहिल्यांदाच ते काही बोलले नाहीत. गुरुवारी त्यांना घेऊन रत्नागिरीला जातेय.