थायरॉइड नंतर बघू, आधी संध्याकाळ बघू

मावशी, माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, चौथीत. उंची १३६ सेंटिमीटर, वजन ४७ किलो. वर्गातली मुलं ‘ढोल्या’ म्हणतात, त्यामुळे पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणून बसून राहतो. आम्ही दोघं नोकरीला. साडेबाराला शाळा सुटली की तो सासूबाईंकडे. दुपारी वरणभात-तूप, चारला पावडर घातलेलं दूध आणि बिस्किटं, क्लासला जाताना आंब्याच्या ज्यूसचा टेट्रा पॅक. मी नऊला घरी येते, येताना स्टेशनबाहेरून त्याच्यासाठी वडापाव किंवा काहीतरी घेते, दिवसभर भेटत नाही ना. जेवायला पावणेदहा, झोपायला अकरा. सकाळी सहाला उठवावं लागतं. सासूबाई म्हणतात, ‘खात्यापित्या घरचं पोर आहे, नजर लावू नका.’ नवरा म्हणतो, उंची वाढली की आपोआप बारीक होईल. मला वाटतं थायरॉइड असेल. टेस्ट करू का? आणि सासूबाईंना कसं सांगू?
– एक आई, डोंबिवली

अगं, थायरॉइड निघावा असं तुला मनातून वाटतंय ना? म्हणजे एक गोळी सुरू होईल आणि घरात कुणाला काही बोलावं लागणार नाही. पण थायरॉइडमुळे वजन वाढतं तेव्हा मुलाची उंची सहसा खुंटते. तुझा लेक वयाच्या मानाने थोडा उंचच आहे. म्हणून शक्यता कमी. तरी बालरोगतज्ज्ञांना दाखवच, कारण बघण्यासारखं दुसरं बरंच आहे: रक्तदाब, साखर, यकृतावरची चरबी. त्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट, मखमलीसारखा पट्टा आहे का बघ. असला तर तो मळ नाही, घासू नकोस. शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची ती खूण असते. रात्री घोरत असेल तर तेही सांग. स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालल्या असतील तर तेही.

नवऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. वाढत्या वयात वजन आहे तिथेच थांबलं आणि उंची वाढत गेली, तर मूल सुटसुटीत होतं. पण ते थांबवावं लागतं, आपोआप थांबत नाही. त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २५च्या वर जातो. मोठ्या माणसाला हा आकडा ‘जरा जास्त’ वाटेल, नऊ वर्षांच्या मुलात तो सरळ लठ्ठपणा. घरच्या घरी बघायचं तर टेप घे: कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा, म्हणजे त्याचा ६८ सेंटिमीटरच्या आत.

आता तुझं पत्र तूच परत वाच. चारला दूध-बिस्किटं झाली, पोट भरलं. तासाभरात टेट्रा पॅक. खोक्यामागे साखरेचा आकडा छापलेला असतो, तो बहुधा १०० मिलीचा असतो. २०० मिलीच्या अशा पेयात साधारण २५ ग्रॅम साखर जाते, म्हणजे पाच चमचे. वर ते पातळ, त्यामुळे खाल्ल्याचं समाधान नाही. मग नऊला वडापाव, आणि पाऊण तासाने जेवण. यात तुझ्या लेकाचा हावरटपणा कुठे दिसतो? त्याला भूक लागायला वेळच मिळत नाही.

झोपेचं तर तू जाता जाता लिहिलंस, मला ते सगळ्यात जास्त खटकलं. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज किमान ९ तास झोप लागते. तुझा सात तास झोपतो. झोप कमी पडली की भूक वाढवणारी संप्रेरकं जोर धरतात, आणि दुसऱ्या दिवशी पोळीभाजीपेक्षा गोड-तळलेलंच हवंसं वाटतं. खेळाबद्दल तर तू एक ओळही लिहिली नाहीस. सोसायटीत गाड्यांनी जागा भरलेली आणि भिंतीवर ‘क्रिकेट खेळण्यास मनाई’चा बोर्ड, असंच असणार. रोज तासभर धावपळ हवी, आणि ती क्लासच्या वेळेतूनच काढावी लागेल. चौथीतल्या पोराला इतका क्लास कशाला, हे माझं मत. तू रागावलीस तरी चालेल.

सासूबाईंना नजरेची भीती का वाटते ते समजून घे. बाहत्तरच्या दुष्काळात मिलोच्या (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरी आणि मदतीची सुकडी खाल्लेली ती पिढी. तेव्हा काटकुळं पोर म्हणजे काळजी, गुटगुटीत पोर म्हणजे सुटकेचा निःश्वास. त्यात आपल्याकडची बाळंच जन्मतः वजनाला कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलंय की ही बाळं दिसायला बारीक, पण स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त, अशी असतात. अशा अंगावर साखर-तुपाचा मारा लवकर बाधतो. आजींना हे कुणी कधी सांगितलेलंच नाही.

आणि खरं सांगू? सासूबाई दुपारी तूप वाढतात आणि तू रात्री वडापाव आणतेस, यात फरक काही नाही. तो दिवसभर भेटत नाही, त्याची भरपाई आहे ती. म्हणून ‘तुमच्या लाडाने झालं’ हे वाक्य घरात येऊ देऊ नकोस.

बोलायचं काम नवऱ्याचं. आई त्याची आहे. पण ‘हे देऊ नका’ असं नको, त्यांच्या हातात काम द्या. चारला भाजणीचं थालीपीठ, मटकीची उसळ किंवा शेंगदाणे-फुटाणे आणि ताक. हे त्यांच्याइतकं कुणाला जमणार? आणि मुख्य म्हणजे मुलाचं रात्रीचं जेवण साडेसातला, आजीबरोबर, मोबाइल न ठेवता. तू आलीस की तो जेवलेला असेल. तुला वाईट वाटेल, मला कल्पना आहे. पण नऊ ते साडेनऊ तो तुझाच. खाली एक चक्कर मारा, मग अंथरूण, म्हणजे झोप नऊ तासांच्या जवळ तरी जाईल.

त्याला एकट्याला डाएट लावू नका. त्याला दोन पोळ्या आणि बाकीच्यांना श्रीखंड-पुरी, हे चालणार नाही. बदलेल ते अख्ख्या घराचं. रोज काट्यावर उभं करू नका. घरात लाडाने ‘गोलू’ म्हणत असाल तर तेही आजपासून बंद. ‘ढोल्या’चं मात्र वर्गशिक्षिकेला जाऊन भेट, फोनवर नको. तो पीटीला बसून राहतो याचं कारण त्यांना बहुतेक माहीतच नसेल.

सगळं एकदम करायला जाऊ नकोस. आधी टेट्रा पॅक बंद कर. क्लासच्या पिशवीत पाण्याची बाटली ठेव, आणि नवा खोका घरात आणूच नका. फ्रिजमध्ये दिसला की तो मागणार, आणि आजींच्या तोंडून ‘नाही’ निघणार नाही.