चोरीचा पासपोर्ट परदेशात पकडला जातो का?

प्रश्न: माझा पासपोर्ट चोरीला गेला, पोलिसात तक्रार दिलीय. पण परदेशातल्या एअरपोर्टवर कुणी तो वापरला तर तिथे कसं कळणार?

उत्तर: इंटरपोल या आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेकडे २००२ पासून हरवलेल्या-चोरलेल्या पासपोर्टचा डेटाबेस आहे, देशोदेशीचे नंबर त्यात जातात, आपल्याकडे इंटरपोलचं काम सीबीआय बघते, आणि इमिग्रेशनवाल्याने नंबर तपासला की लगेच कळतं. पण तपासला तरच! २०१४ मध्ये मलेशियाच्या बेपत्ता झालेल्या एमएच ३७० विमानात दोघं चोरीच्या पासपोर्टवर बसले, एक ऑस्ट्रियाचा एक इटलीचा, दोन्ही थायलंडमध्ये चोरलेले, दोन्ही डेटाबेसमध्ये होते पण क्वालालंपूरला कुणी बघितलंच नाही, मला तर अजून राग येतो याचा. तुम्ही पासपोर्ट ऑफिसलाही लगेच कळवा, आणि नंतर जुना सापडला तरी त्यावर प्रवास करू नका, तो रद्द झालेला असतो.