रत्नागिरीजवळच्या कौलारू घरावरचं पावसाचं पाणी साठवून एप्रिल-मेमध्ये पिता येईल का? (छप्पर 60 चौरस मीटर, माणसं पाच, विहीर मार्चअखेर आटते)

येईल. छप्पर पुरेल का, ही काळजी मात्र सोडा. प्रश्न आहे तो टाकीचा, आणि ती कधी भरायची याचा.

एक चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. कौलं थोडं पितात, थोडं पन्हळीबाहेर उडतं, म्हणून 80 टक्केच हाती धरा. हंगामात 3000 मिमी पडला तरी 1,44,000 लिटर होतात. लागतं किती? पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी 10 लिटर धरले तर फेब्रुवारी ते मे 120 दिवसांचे 6000 लिटर. 10,000 लिटरची टाकी ऐसपैस झाली आणि ती साधारण 210 मिमी पावसात भरते. तेवढा पाऊस तुमच्याकडे जुलैत कधीकधी दोन दिवसांत होतो.

म्हणून जूनचं पाणी घेऊच नका. आठ महिन्यांची धूळ, पाखरांची विष्ठा, उंदरांचं मूत (लेप्टोचा ताप त्यातूनही येतो) सगळं त्यात उतरतं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत टाकीचा पाइप सुटाच ठेवा, मग जोडा. सप्टेंबरअखेरची वाट पाहू नका, पाऊस दगा देतो.

तरीही प्रत्येक सरीचं पहिलं पाणी बाजूला काढायचंच. 1 मिमी म्हणजे तुमच्या छपरावर 60 लिटर. बाजारात याच कामासाठी 4 इंची उभा पाइप लावून देतात. 3 मीटर लांबीत त्यात जेमतेम 25 लिटर मावतात. 6 इंची घ्या, 55 लिटर मावतात. तळाच्या टोपणाला 3 मिमीचं भोक ठेवा, म्हणजे तो आपोआप रिकामा होतो. तिथे नळ बसवला की उघडायचा राहतो आणि पुढच्या सरीची घाण थेट टाकीत जाते. भोक चिखलाने बुजतं, तेव्हा टोपण आठवड्याला काढून धुवा. पन्हळीला मीटरमागे 1 सेंमी उतार हवा. पाणी साचलं की पानं कुजतात.

वाळू-कोळशाच्या गाळणीचा आग्रह मी धरणार नाही. ती गाळ अडवते, जंतू नाही, आणि वर्षभर न धुतलेली गाळणी स्वतःच जंतूंचं घर होते. टाकीच्या तोंडाशी बारीक जाळी पुरे. ओव्हरफ्लोलाही जाळी हवीच, नाहीतर डेंग्यूचे डास आत अंडी घालतात. उजेड आत गेला की शेवाळ धरतं, म्हणून टाकी अपारदर्शक आणि झाकलेली. आत येणारा पाइप तळापर्यंत न्या आणि त्याचं तोंड वर वळवा, गाळ ढवळत नाही. नळ तळापासून 10 सेंमी वर. भरलेली टाकी 10 टनांची होते. भरावाच्या मातीवर ठेवली तर बूड खचून तडा जातो. जांभ्याचा पक्का चौथरा बांधा.

टाकी भरली की 33 टक्के क्लोरीनची ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर 25 ग्रॅम घ्या. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता. कोकणच्या दमट हवेत उघडी पिशवी लवकर निकामी होते. गोळे झालेली, वास न येणारी पावडर फेकाच. हे क्लोरीन मे महिन्यापर्यंत टिकत नाही. त्यामुळे पिण्याचं पाणी त्या त्या वेळी खळखळून उकळी आल्यावर 1 मिनिट उकळा, किंवा हंड्यात द्रवरूप क्लोरीन बाटलीवरच्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबा. ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणाऱ्या) फिकट पिवळा रंग आला की ठीक. पाण्याची शंका आली तर एचटूएस बाटलीत (जंतू तपासायची बाटली) नमुना भरून ठेवा. 24 ते 48 तासांत काळा पडला तर ते पाणी पिऊ नका.

आणि टीडीएस मीटर दाखवून कुणी आरओ गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. पावसाच्या पाण्यात क्षार मुळातच नगण्य असतात, आणि मीटरला जंतू दिसत नाहीत. वर आरओ निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो, तेही ऐन मे महिन्यात.