नुसत्या बोलण्यावर चालणारी अ‍ॅनिमे बघायची तरी कशी?

तुमची तक्रार थोडक्यात अशी: 'शोवा गेनरोकु राकुगो शिंजू' ही जपानी अ‍ॅनिमेशन मालिका सगळे वाखाणतात म्हणून लावली, पण मारामारी नाही, जादू नाही, माणसं उशीवर बसून बोलतच राहतात. पहिल्या भागात अर्ध्यावरच डोळा लागला. यात लोकांना एवढं आवडतं तरी काय?

आधी एक दिलासा देतो. त्याच भागात योतारोसुद्धा झोपतो. योतारो म्हणजे तुरुंगातून सुटून थेट याकुमो या बुजुर्ग कलाकाराच्या दारात शिष्य व्हायला आलेला गडी. गुरू मंचावर रंगात आलेले असताना हा पठ्ठ्या आत बसल्या बसल्या घोरायला लागतो आणि त्यापायी घराबाहेर काढला जातो. तेव्हा गुन्हा दखलपात्र असला तरी तुम्ही एकटे नाही. शिवाय तो भाग नेहमीच्या भागांच्या दुप्पट, जवळजवळ पाऊण तासाचा आहे. रात्री जेवून लोळत बघितला तर झोप येणारच.

राकुगो ही जपानची जुनी गोष्ट सांगायची कला. कलाकार एकटा, गुडघे मोडून बसलेला, शेवटपर्यंत उठायचं नाही. जवळ एक घडीचा पंखा आणि एक सुती रुमाल. पंख्याची कधी चिलीम होते, कधी नूडल्स खायच्या काड्या, कधी लेखणी. रुमालाचं पाकीट होतं नाहीतर चिठ्ठी. मान इकडे वळली की नवरा बोलतो, तिकडे वळली की बायको. 'तो म्हणाला, ती म्हणाली' जवळपास नाहीच. आख्यान लावताना बुवा क्षणात रावण आणि क्षणात मारुती होतात ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे पटकन कळेल. फक्त इथे बुवांना उभं राहायची बंदी आहे.

आता तुमची अडचण कुठे होत असेल ते सांगतो. तुम्ही सबटायटल वाचत राकुगोतल्या गोष्टीच्या मागे धावत असाल. त्या गोष्टी शे-दोनशे वर्षं सांगितल्या जाताहेत, मालिकेतल्या थिएटरात बसलेल्या प्रेक्षकांनाही त्या माहीत असतात. खरं घडतं ते सांगणाऱ्याच्या बाबतीत. म्हणून माझा सल्ला: पहिल्या भागातला योतारोचा 'देकिगोकोरो'चा प्रसंग दोनदा बघा. एकदा वाचून, आणि लगेच दुसऱ्यांदा सबटायटल बंद करून.

गोष्ट एका शिकाऊ, बावळट चोराची. घरात शिरतो तर चोरण्यासारखं काहीच नाही. सांगणारा योतारो स्वतः तुरुंग भोगून आलेला, आणि प्रेक्षकांत त्याच्या जुन्या टोळीतला 'दादा' बसलाय, याला परत न्यायला आलेला. सुरुवातीला घाम, घाई, चढलेला आवाज. कॅमेरा त्याच्या हातांवर, मानेवर. मग कुठेतरी पहिलं हसू फुटतं आणि तिथून त्याचा श्वास बदलतो, मधल्या जागा मोकळ्या होतात, चोर खरोखर बावळट वाटायला लागतो. शेवटी दादासुद्धा हसतो. हा माणूस आता टोळीत परत जाणार नाही हे कोणीही कोणाला सांगत नाही. दिग्दर्शकाने त्या सादरीकरणाला काटछाट न करता भरपूर वेळ दिलाय आणि तिथेच मी या मालिकेला शरण गेलो.

मग कथा मागे जाते, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या काळात. याकुमोचं तेव्हाचं नाव किकुहिको. तो आणि सुकेरोकु एकाच दिवशी एकाच गुरूकडे येतात. सुकेरोकु उपजत, तोंड उघडलं की लोक खुश. किकुहिको पाठांतर चोख, पण कोरडा. ऐकणारे जांभया देतात. त्याला स्वतःचा सूर सापडतो तो हौशी नाटकात बाईच्या वेषातली भूमिका करताना. लोकांची नजर आपल्यावर खिळली म्हणजे काय होतं हे त्याला तिथे पहिल्यांदा कळतं, आणि पुढे तो गणिकांच्या, शृंगाराच्या कथांकडे वळतो. इथे थोडा इतिहास कामाला येतो: 1941 मध्ये राकुगो कलाकारांनी काळाला न शोभणाऱ्या म्हणून 53 कथा स्वतःहून बाजूला ठेवल्या आणि टोकियोत असाकुसाच्या होन्पोजी मंदिरात चक्क त्यांचं स्मारक उभारून त्या 'पुरल्या'. गणिकांच्या, परस्त्रीच्या कथा त्यातच होत्या. म्हणजे किकुहिकोला जी कथा शोभली असती नेमकी तीच बंद. मालिका यावर भाषण देत नाही, पण हे माहीत असलं की त्याचं आखडलेपण वेगळं दिसतं.

सुकेरोकुची 'शिबाहामा' मात्र चुकवू नका. दारुड्या मासेविक्याला पैशांचं पाकीट सापडतं आणि बायको त्याला पटवते की ते स्वप्न होतं. लोकांना खदाखदा हसवणारा हा माणूस, मंचापासून बराच काळ तुटलेला, ती कथा एका गावच्या सरायीत इतक्या हळू आवाजात सांगतो की तुम्ही आपोआप पुढे सरकून बसता.

आणि 'शिनिगामी', म्हणजे मृत्युदेवाची कथा. कर्जबाजारी माणसाला मृत्युदेव एक युक्ती शिकवतो: मी आजाऱ्याच्या पायाशी बसलो असेन तर मंत्राने हाकलता येईन, उशाशी असेन तर रोगी गेलाच. माणूस वैद्य बनून पैसा कमावतो आणि एकदा लोभापायी अंथरूणच फिरवतो. मग मेणबत्त्यांची गुहा, प्रत्येक ज्योत म्हणजे एक आयुष्य, आणि त्याची स्वतःची फडफडणारी. 'विझतेय... विझतेय...' आणि सांगणारा बसल्या जागी पुढे कोसळतो. संपली कथा. याकुमोने तुरुंगात कैद्यांसमोर सांगितलेली हीच कथा योतारोने ऐकलेली असते. पुढे ती एकट्या पडलेल्या तरुण किकुहिकोच्या तोंडी येते आणि दुसऱ्या सीझनमध्ये पुन्हा एकदा म्हातारपणी. शब्द तेच, पण कोसळणारा माणूस दर वेळी वेगळा.

हे सगळं आवाजावर तोललेलं आहे, म्हणून मूळ जपानीतच बघा. किकुहिकोला तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत आवाज दिलाय आकिरा इशिदा यांनी; 'नारुतो'तला गारा त्यांचाच. सुकेरोकु म्हणजे कोइची यामादेरा, 'काउबॉय बेबॉप'चा स्पाइक. योतारोला आवाज देणारे तोमोकाझु सेकी जपानी डोरेमॉनमध्ये सुनियो करतात, हे कळल्यावर मी पहिला भाग परत लावला होता.

पहिला सीझन 2016 चा, 13 भाग. दुसरा 2017 चा, 12 भाग. एका बैठकीत संपवू नका, रोज एक पुरे. चौथ्या-पाचव्या भागापर्यंतही मन लागलं नाही तर खुशाल सोडा, सगळ्यांना सगळं आवडलंच पाहिजे असं थोडंच आहे? आणि शेवटपर्यंत गेलात तर मला कळवा. शेवटच्या भागात कोनात्सुच्या, म्हणजे सुकेरोकुच्या मुलीच्या, मुलाबद्दल एक गोष्ट सुचवली आहे, ती मला अजून पटलेली नाही. त्यावर भांडायला कोणीतरी हवंय.