व्हिटॅमिन भरून आलं की सगळं ठीक होईल ना?

लैंगिक तक्रार घेऊन येणारे पुरुष पूर्वी पाठदुखी, अपचन अशा आडवाटेने सुरुवात करायचे. आता बरेच जण थेट लॅबचा रिपोर्ट पुढे ठेवतात. संपूर्ण शरीराच्या तपासणीचं पॅकेज केलेलं असतं, त्यात बी-१२ नाहीतर डी जीवनसत्त्व कमी आलेलं असतं, आणि प्रश्न ठरलेला असतो. हे कमी आहे म्हणूनच संबंधाच्या वेळी ताठरता येत नाही ना? भरून आलं की होईल ना पहिल्यासारखं?

थोडा फरक पडू शकतो, पण तेवढ्यावर थांबू नका, असं माझं उत्तर असतं. ते का, हे एका गृहस्थांच्या अनुभवातून सांगतो. त्यांच्या संमतीने लिहितो आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सदाशिवराव म्हणू त्यांना. वय चव्वेचाळीस, इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग चालू आणि दुरुस्त ठेवणारा कारागीर. बहुतेक रात्रपाळी, दिवसा झोप, त्यामुळे अंगावर ऊन पडण्याचा प्रश्नच नाही. घरात वारीची परंपरा, गळ्यात माळ. मांस-मासे दूरच, अंडंही चालत नाही. पित्ताचा त्रास म्हणून दूध सोडलेलं आणि मेडिकलमधून आणलेली पित्ताची गोळी दोन वर्षं रोज सकाळी चालू. बी-१२ आलं होतं १३८ आणि डी ११. दोन्ही स्पष्ट कमी; बी-१२ साधारण २००च्या वर आणि डी निदान २०च्या वर असायला हवं.

‘‘इंजेक्शनं घेतली की होतंय न्हवं सगळं बरोबर?’’ त्यांनी विचारलं.

त्यांचं बी-१२ का घटलं हे त्यांच्या दिनक्रमातच दिसत होतं. हे जीवनसत्त्व भाजी-धान्यात नसतं. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध, दही, ताकातून मिळतं आणि सदाशिवरावांचं दूधच बंद होतं. शिवाय अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, तर पित्ताची गोळी तेच आम्ल कमी करते. कमतरता वाढली की तळपायाला मुंग्या येतात, थकवा जात नाही, मन उदास राहतं, विसरायला होतं. अशा माणसाला रात्री बायकोजवळ जायची इच्छा कुठून होणार? संवेदना वाहून नेणाऱ्या नसांनाही इजा होऊ शकते. म्हणजे संबंध आहेच, तो मी नाकारत नाही.

डी जीवनसत्त्वाचं जरा वेगळं आहे. ताठरतेची तक्रार असलेल्या पुरुषांत ते कमी सापडतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण वजन जास्त असलेल्या, मधुमेही, बसून काम करणाऱ्या माणसांतही ते कमीच असतं आणि ताठरतेची तक्रारही त्यांच्यातच जास्त. त्यामुळे डी भरून काढल्याने ताठरता परत येते, असं खात्रीने म्हणता येत नाही. हाडांसाठी, स्नायूंसाठी ते भरून काढायलाच हवं. सदाशिवराव मात्र साठ हजार युनिटची पुडी, जी आठवड्याला एक घ्यायची असते, ती लवकर गुण यावा म्हणून रोज घेऊ लागले होते. ती तिथेच थांबवायला सांगितली. डी शरीरात साठून राहतं. प्रमाणाबाहेर झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडाला धोका पोहोचतो.

दुकानदाराने जोडीला जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, गोळ्याही दिल्या होत्या. या समजुतीला मूळ आहे. १९६०च्या दशकात डॉ. आनंद प्रसाद यांनी इराण आणि इजिप्तमधल्या वाढ खुंटलेल्या तरुणांचा अभ्यास केला आणि जस्त कमी पडलं तर लैंगिक वाढही अडते हे पुढे आणलं. पण ते तरुण खरोखर जस्ताला मुकलेले होते. ज्याला जस्त पुरेसं मिळतं त्याने वरून गोळ्या खाल्ल्या तर त्याचं पुरुषत्व वाढत नाही. जास्त दिवस जास्त मात्रा घेतली तर शरीरातलं तांबं मात्र घटतं.

मी त्यांना तीन गोष्टी विचारल्या. इच्छा होते का? पहाटे जाग येताना ताठरता असते का? आणि हे एकाएकी सुरू झालं की हळूहळू? इच्छा कमी झाली होती, पण गेली नव्हती. पहाटेची ताठरता वर्षभरात कमी कमी होत जवळजवळ थांबली होती. हे उत्तर महत्त्वाचं असतं. पहाटे सगळं व्यवस्थित आणि फक्त जोडीदाराजवळच अडचण, तर बहुधा मनातली भीती आड येत असते. पहाटेचीही जात चालली असेल तर शरीरात शोधावं लागतं.

मी रिपोर्टची बाकीची पानं मागितली. जीवनसत्त्वांचं पान वर येईल अशी त्यांनी घडी घातली होती. आतल्या पानावर उपाशीपोटी साखर १६४ आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ८.१ होती. दोन्ही लाल अक्षरात. ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या वडिलांचा पाय साखरेपायी कापावा लागला होता.

मला त्यांचा राग आला नाही. जीवनसत्त्व कमी आहे असं घरात, कारखान्यात कुणालाही सांगता येतं. त्यात दोष नाही, भीती नाही, औषध स्वस्त. साखर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे वडील यायचे. पुरुषांच्या या तक्रारीत बी-१२ आणि डी इतके लाडके का झालेत, याचं उत्तर मला अशा घड्यांमध्ये सापडतं. आणि म्हणूनच काळजी वाटते. मधुमेह नसा आणि रक्तवाहिन्या दोन्हींवर घाव घालतो. तळपायाच्या मुंग्याही मधुमेह आणि बी-१२ची कमतरता, दोन्हींमुळे येतात, त्यामुळे सगळं बी-१२च्या नावावर खपून जातं. लिंगाच्या रोहिण्या साधारण १ ते २ मिलिमीटर रुंदीच्या, हृदयाच्या ३ ते ४. बिघाड आधी लहान रोहिणीत जाणवतो. ताठरतेची तक्रार कधीकधी हृदयविकाराच्या काही वर्षं आधी येते ती यामुळे.

त्यांना फिजिशियनकडे पाठवलं. रक्तदाब १५०/९६ निघाला. सकाळच्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, ठीक होतं. बी-१२ची इंजेक्शनं, साखरेच्या गोळ्या, रक्तदाबाची गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी पित्ताची गोळी हळूहळू सोडवली. चुना मळून तंबाखू खायची सवय सुटायला सगळ्यात जास्त दिवस लागले. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं हे पटल्यावरही तलफ रात्रपाळीतच यायची.

दोनेक महिन्यांत थकवा ओसरला, मुंग्या कमी झाल्या, इच्छा परत आली. ताठरता मात्र अर्धीमुर्धी. कारण एव्हाना शरीराबरोबर भीतीही शिरली होती. आज जमेल का, या धास्तीने अंगात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि रक्तवाहिन्या सैल पडायच्या ऐवजी आवळतात.

मग मी वहिनींना घेऊन यायला सांगितलं. पहिल्या भेटीत त्या बराच वेळ गप्प होत्या. नंतर म्हणाल्या, ‘‘मला वाटलं, ह्यांचं मन उडालं माझ्यावरनं. दुसरीकडं कुठं असतील असंबी मनात आलं.’’ सदाशिवराव खाली बघत राहिले. वर्षभर दोघं एकाच खोलीत दोन वेगवेगळ्या गोष्टींनी घाबरलेली होती, आणि कुठल्याच रिपोर्टमध्ये हे छापून आलं नसतं.

काही आठवडे संबंध करायचाच नाही, फक्त जवळ बसायचं, स्पर्श करायचा, बोलायचं, असं ठरलं. परीक्षाच नाही म्हटल्यावर धास्ती सैल होते. हृदय तपासून डॉक्टरांनी सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेसाठीचं औषध, तेही कमी मात्रेत दिलं. छातीत दुखतं म्हणून नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ते कधीही घेऊ नये, रक्तदाब धोकादायक खाली जातो. जाहिरातीतल्या ‘आयुर्वेदिक’ ताकदीच्या गोळ्यांपासूनही म्हणूनच लांब राहा. अशा उत्पादनांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेकदा पकडलं गेलं आहे.

सहा-सात महिन्यांनी साखर आटोक्यात होती आणि सिल्डेनाफिलची गरज क्वचितच लागत होती. त्या भेटीत वहिनींनी विचारलं, बी-१२ आता बंद करायचं का? नाही. सदाशिवराव अंडं खाणार नाहीत, आणि साखरेसाठी त्यांना मेटफॉर्मिन चालू आहे. ते बरीच वर्षं घेतलं की बी-१२ पुन्हा घटतं. त्यामुळे बी-१२ची गोळी चालू ठेवायची, रोज ताक प्यायचं, आणि वर्षातून एकदा तपासायचं, एचबीए१सीच्या सोबत.