पाणपक्ष्याचे छायाचित्र किती कापावे?

प्रश्न : करमळीच्या तळ्यावर मी कमळपक्ष्याचे छायाचित्र टिपले, परंतु चौकटीत पक्षी फारच लहान दिसतो. कडा कापून तो मोठा करावा का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : जरूर करावा, मात्र मूळ फाइल जपून ठेवावी आणि आधी हिशेब पाहावा. २४ मेगापिक्सेलच्या, म्हणजे ६००० गुणिले ४००० बिंदूंच्या चित्राची रुंदी व उंची निम्मी केली, तर निम्मे नव्हे, केवळ ६ मेगापिक्सेल उरतात. इंचाला ३०० बिंदू धरल्यास त्यातून १० इंच रुंदीची चांगली छपाई निघते, त्याहून अधिक कापल्यास पिसांचा तपशील विरू लागतो.

कमळपक्ष्याच्या बाबतीत माझा एक आग्रह आहे : ज्या लांबसडक बोटांच्या बळावर तो तरंगत्या पानांवरून चालतो, ती बोटे आणि ते पान मुळीच कापू नये, कारण त्यांच्याविना चित्रातून त्याचे जगणेच वगळले जाते. प्रतिबिंबही अर्धवट तोडू नये. पक्षी पाहतो त्या बाजूला अधिक जागा सोडावी.

चौकट भरण्यासाठी बांधावरून खाली उतरणे मात्र टाळावे. विशेषतः पावसाळ्यात, जेव्हा याच पानांवरच्या घरट्यात नर अंडी उबवत असतो.